अश्वशक्तीचे मोल

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पश्चिम टोकाकडे, मक्याच्या अफाट शेतांच्या मधोमध, ला हार्प नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे फ्रेड गिब नावाचे एक गृहस्थ शेव्हरलेट मोटारींची पेढी चालवीत असत आणि मोटारींच्या शर्यतींचा त्यांना मनस्वी नाद होता. सरळ पाव मैल धावण्याच्या ड्रॅग शर्यतींचे नियमन करणाऱ्या संस्थेची अशी अट होती की, एखाद्या विशिष्ट घडणीच्या किमान पन्नास गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्याखेरीज ती घडण विक्रीच्या गाड्यांच्या वर्गात शर्यतीला उतरवता येऊ नये. ती अट पुरी व्हावी म्हणून गिब यांनी १९६९ च्या हंगामासाठी पन्नास कॅमॅरो गाड्यांची मागणी एकट्याने नोंदवली, आणि त्या प्रत्येकीत ४२७ घन इंचांचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे, मूळ शर्यतीसाठीच घडवलेले 'झेडएल-१' हे इंजिन बसवण्यास सांगितले. गाड्या आल्या तेव्हा सोबतच्या हिशेबात एकट्या इंजिनापोटीच ४,१६० डॉलर लावलेले होते, आणि संपूर्ण गाडीची किंमत सात हजार डॉलरांच्या पलीकडे, म्हणजे साध्या कॅमॅरोच्या दुपटीहून अधिक झाली होती. एवढी रक्कम मोजणारे गिऱ्हाईक त्या पंचक्रोशीत नव्हतेच, पण दूरच्या मुलखातूनही पुरेसे आले नाही. निरुपायाने बहुतेक गाड्या कारखान्याकडे परत गेल्या आणि तेथून देशभरच्या इतर विक्रेत्यांकडे वाटल्या गेल्या. अशा एकूण ६९ गाड्या निघाल्या. आज त्यांपैकी एखादी लिलावाच्या मंचावर आली, तर तिची बोली दहा लाख डॉलरांच्या घरात जाते.

विक्रेत्याला जी नकोशी झाली तीच वस्तू अर्धशतकानंतर एखाद्या संपन्न कुटुंबाच्या मालमत्तेतील मानाची बाब ठरते, हे पाहून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की, जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे बलाढ्य इंजिनाची रस्त्यावरची गाडी, ही भांडवल गुंतवण्याची उत्तम जागा आहे. आणि ती चालवण्याच्या सुखासाठी घ्यावी की भाव चढण्याच्या आशेने घ्यावी, हा तिच्या शौकिनांमधला आता जुना झालेला वाद आहे. मी या वादाकडे भविष्याच्या अंगाने न पाहता इतिहासाच्या अंगाने पाहू इच्छितो. या गाड्यांची गेल्या साठ वर्षांची हकिगत सावकाशीने वाचली म्हणजे असे दिसते की, ज्या माणसांमुळे त्यांना मोल आले त्यांच्या मनात मोलाचा विचार जवळजवळ नव्हता. आणि ज्यांनी केवळ मोलावर दृष्टी ठेवून गाड्या राखल्या, त्यांच्या गाड्यांना मोल क्वचितच आले. यात योगायोगाचा भाग थोडा आहे. कारणे त्या गाड्यांच्या जन्मकथेतच सापडतात.

१९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा हुकूम सोडला. पॉन्टिॲक या शाखेवर हा घाव विशेष बसला. कारण सुस्त व वयस्क माणसांची गाडी ही आपली जुनी ख्याती तिने शर्यतींच्या बळावरच नुकती पुसून काढली होती. शर्यतीचे मैदान बंद झाले तर तोच पराक्रम रस्त्यावर का आणू नये, असा विचार तिचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या मनात आला. मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत ३२६ घन इंचांचे इंजिन बसत असे, आणि मोठ्या गाड्यांतील ३८९ घन इंचांचे इंजिन बाह्य आकाराने त्याच्याइतकेच असल्यामुळे ते तेथे सहज मावत होते. आड येत होती ती कंपनीची मनाई. मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा तिचा दंडक होता. परंतु हा दंडक गाडीच्या मूळ नमुन्याला लागू होता. गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागून घ्यावयाच्या सोयींविषयी त्यात काही म्हटलेले नव्हते. कायद्याच्या अक्षरातील या फटीतून १९६४ ची जीटीओ बाहेर आली. ती स्वतंत्र गाडी नव्हतीच. लेमान्स नावाच्या टेंपेस्टवर २९५ डॉलरांत मिळणारी ती एक जादा बाब होती. नाव फेरारीच्या एका विख्यात गाडीवरून उचललेले, शक्ती ३२५ अश्वांची, आणि तीन कार्ब्युरेटरांचा संच घेतला तर ३४८ अश्वांची. शाखाप्रमुख पीट एस्टेस यांनी वरिष्ठांचा रोष ओढवून घेण्याची तयारी ठेवून पाच हजार गाड्यांना परवानगी दिली. त्या वर्षी खपल्या ३२,४५०. आणि १९६६ साली हा आकडा ९७ हजारांच्या जवळ पोहोचला.

या गाड्या घेतल्या कोणी? दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी संसार मांडल्यावर १९४६ पासून अमेरिकेत जन्मांची जी लाट उसळली, तिच्यातील पहिली मुले १९६४ साली अठरा वर्षांची होत होती. पेट्रोल स्वस्त होते, कारखान्यांत काम मुबलक होते, आणि आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या तरुणालाही हप्त्याने नवी गाडी घेता येत होती. डेट्रॉइट शहरातून वायव्येला जाणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यूवर, जेथे १९०९ साली काँक्रीटच्या रस्त्याचा एक मैलाचा पट्टा प्रथम घातला गेला, रात्री या गाड्या एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पैजा लावून धावत. आणि त्या पाहणाऱ्या घोळक्यांत गाड्या घडवणाऱ्या कंपन्यांचे अभियंतेही असत. जीटीओच्या जाहिरातीची धुरा वाहणारे जिम वँगर्स यांनी हा रस्ता जवळून पाहिला होता, आणि तरुणाला काय हवे आहे हे त्यांना त्या रस्त्यावरच कळले होते. ही गाडी वडिलांच्या गाडीहून निराळी असावी, तिचा आवाज दूरवर ऐकू यावा, आणि पाव मैलात शेजारच्या गाडीला मागे टाकावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. ही गाडी तीस वर्षांनी आपल्यापाशी असावी, असा विचार त्या तरुणांपैकी किती जणांच्या मनात आला असेल?

पुढची सहा वर्षे चढाओढीची. क्रायस्लर कंपनीचे ४२६ घन इंचांचे 'हेमी' इंजिन १९६४ साली डेटोनाच्या शर्यतीत रिचर्ड पेटी यांना विजयी करून गेले, आणि १९६६ पासून ते ४२५ अश्वशक्ती सांगत रस्त्यावरच्या गाड्यांतही आले. १९६८ साली क्रायस्लरच्याच प्लिमथ शाखेने 'रोड रनर' ही मुद्दाम साधी ठेवलेली, तीन हजार डॉलरांच्या आत मिळणारी गाडी काढली. व्यंगचित्रपटातील पक्ष्याचे नाव व चित्र वापरण्याच्या हक्कापोटी वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर दिले, आणि त्या पक्ष्याच्या आवाजासारखा भोंगाही बसवला. १९७० ची सुपरबर्ड ही या चढाओढीचे टोक होती. शर्यतीच्या नियमांची पूर्तता म्हणून सुमारे एकोणीसशे गाड्या विकणे भाग होते. लांब नाक आणि मागे उंच पंख असलेली ती आकृती ताशी दोनशे मैलांच्या वेगाला योग्य होती, पण बाजारहाटाला न्यावी अशी ती कोणालाच वाटली नाही. विक्रेत्यांच्या आवारात त्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. काहींचे नाक व पंख उतरवून त्या साध्या रोड रनर म्हणून खपवल्या गेल्या. पुढे हेमी इंजिनाच्या सुपरबर्डलाही दहा लाख डॉलरांवर किंमत आली. म्हणजे ला हार्पच्या कॅमॅरोसारखीच हीही विक्रीत हरलेली गाडी. आजची दुर्मिळता ही पुष्कळदा काल कोणाला ती नको होती याचीच साक्ष असते. आणि कोणाला काय नको होईल हे आधी ओळखून त्यात पैसा घालणे फार थोड्यांना साधते.

अंत फार वेगाने आला. तरुण चालक व मोठे इंजिन या जोडीवर विमा कंपन्यांनी इतका भारी हप्ता बसवला की, गाडीचा मासिक हप्ता परवडणाऱ्यालाही विमा परवडेना. १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. शिसेविरहित पेट्रोल चालावे म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांतील दाबाचे प्रमाण उतरवले. हेमी त्याच वर्षाअखेर बंद पडले. १९७२ साली अश्वशक्ती मोजण्याची रीतही बदलल्याने कागदावरचे आकडे एकदम खाली आले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १९७४ ची जीटीओ ही त्या काळातली शेवटची ठरली. तिच्या जन्माला तेव्हा पुरी दहा वर्षे झाली होती.

यानंतरचा पंधरा वर्षांचा काळ माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे, आणि लिलावांच्या झगमगाटात त्याचाच विसर पडतो. गॅलनला दहा-बारा मैल देणारी, विमा महाग असलेली, पुढच्या मालकाला ओझे वाटणारी ही गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात कवडीमोल झाली. शाळकरी मुलांनी ती दोन-चारशे डॉलरांना घेतली, पिटाळली, खांबांवर आदळली. शर्यतीच्या नादिष्टांनी इंजिन काढून घेतले आणि सांगाडा भंगारात घातला. उत्तरेच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने हजारोंचे पत्रे खाल्ले. जी उरली, ती बव्हंशी अशी की, मालकाला ती विकवली नाही. त्याने ती गोठ्याच्या आडोशाला लावली, वर ताडपत्री टाकली, पत्नीचे बोलणे ऐकून घेतले, आणि सुट्टीच्या दिवशी एकदा इंजिन चालू करून पाहिले. बाजार त्या वेळी त्याला वेडा म्हणत होता. त्या वस्तूची किंमत त्याच्या मनात होती, आणि ती दुसऱ्या कोणाला पटावी अशी त्याची अपेक्षा नव्हती.

याच काळात, दुसरीकडे, गुंतवणूक म्हणून गाड्या राखण्याचे दोन मोठे प्रयोग झाले, आणि त्यांचे निकाल आज आपल्यासमोर आहेत. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही उघड्या टपाची शेवटची अमेरिकन गाडी, अशी द्वाही फिरली. चौदा हजार गाड्या निघाल्या. अखेरच्या दोनशे शुभ्र रंगाच्या होत्या. लोकांनी दुप्पट किंमत देऊन त्या घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या. १९८४ साली कॅडिलॅकने पुन्हा उघड्या टपाची गाडी बाजारात आणली; त्या वेळी झाकून ठेवणाऱ्यांपैकी काही जण फसवणुकीची फिर्याद घेऊन न्यायालयात गेले. दुसरा प्रयोग शेव्हरलेटच्या १९७८ च्या कॉर्व्हेटचा. इंडियानापोलिसच्या शर्यतीत अग्रभागी धावण्याचा मान कॉर्व्हेटला प्रथमच मिळाला, त्या निमित्ताने काळ्या-रुपेरी रंगाच्या ६,५०२ प्रतिकृती निघाल्या. मूळ किंमत १३,६५३ डॉलर. वॉल स्ट्रीट जर्नलने या गाडीमागे लागलेल्या लोकांची बातमी छापली, आणि काही ठिकाणी दुपटीहून अधिक मोबदला देऊन गाड्या हातोहात गेल्या. आसनांवरचे प्लास्टिकही न काढता कित्येकांनी त्या बंदिस्त केल्या. आज त्या तशाच्या तशा मिळतात, पुष्कळ मिळतात, आणि पंचेचाळीस वर्षांची महागाई जमेस धरली तर त्यांतल्या बहुतेकांना मूळ किमतीइतकाही भाव येत नाही. सगळ्यांनीच राखली म्हणून ती दुर्मिळ झाली नाही. आणि कोणीच चालवली नाही म्हणून तिच्याभोवती आठवणीही जमल्या नाहीत.

याच्या उलट बाजूची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे ती 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटातील गडद हिरव्या फोर्ड मस्टँगची. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीन यांनी जिच्यातून पाठलाग केला, ती गाडी १९७४ साली एका मासिकातील जाहिरात वाचून न्यू जर्सीतील एका कुटुंबाने सुमारे सहा हजार डॉलरांना घेतली. मालकाची पत्नी शिक्षिका होती. ती त्या गाडीतून शाळेत जात असे. १९७७ साली मॅक्वीन यांनी स्वतः पत्र पाठवून गाडी परत विकत मागितली. मालकाने ती दिली नाही. १९८० साली क्लच निकामी झाला आणि गाडी घरीच उभी राहिली. कुटुंबाचा मुक्काम हलला तेव्हा तीही सोबत गेली, आणि ती कोठे आहे याचा जगाला पत्ता उरला नाही. वडिलांच्या निधनानंतर मुलाने ती चालती केली, २०१८ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात जगापुढे आणली, आणि २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडातील किसिमी येथे मेकम यांच्या लिलावात तिला ३४ लाख डॉलरांची बोली आली. लिलावकर्त्यांचे शुल्क धरून घेणाऱ्याने ३७ लाख ४० हजार मोजले. हिशेब मांडला तर दरसाल दरशेकडा पंधराच्या आसपास चक्रवाढ व्याज पडते. सावकारालाही हेवा वाटावा असा हा दर आहे. पण तो ज्या कुटुंबाच्या पदरी पडला, त्याने मधल्या पंचेचाळीस वर्षांत एकदाही तो मागितला नव्हता, आणि चित्रपटातील नायकालाही नाही म्हटले होते. शिवाय अशी गाडी एकच असते, हे विसरून चालत नाही.

बाजार जागा झाला तो त्या मूळ पिढीच्या हाती पैसा आला तेव्हा. १९६५ साली जे अठरा-वीस वर्षांचे होते, ते ऐंशीच्या दशकाअखेर चाळिशीत होते. मुले मोठी होत होती, घराचे कर्ज फिटत आले होते, आणि तारुण्यात जी गाडी शेजाऱ्याकडे पाहिली ती आता आपल्याला घेता येईल हे त्यांच्या ध्यानात आले. १९९० च्या सुमारास भाव चढले आणि लगेच कोसळले. दुसरी लाट नव्या शतकाबरोबर आली. ॲरिझोनात १९७१ पासून लिलाव भरवणाऱ्या बॅरेट-जॅक्सन यांचे स्कॉट्सडेल येथील सोहळे दूरचित्रवाणीवर दिवसदिवस दिसू लागले. घरी बसलेल्या माणसाला आपल्या गॅरेजातल्या धूळभरल्या गाडीची किंमत पडद्यावर पुकारलेली ऐकू येऊ लागली. २००६ साली शेव्हरलेटची १९७० ची एक शेवेल एलएस-६ बारा लाख डॉलरांवर गेली. २००७ साली कोब्रा घडवणाऱ्या कॅरोल शेल्बी यांनी स्वतःसाठी ठेवलेली ४२७ कोब्रा ५५ लाखांना. त्यानंतरच्या मंदीत हेमीच्या गाड्यांसह कित्येकांचे भाव निम्म्यावर आले, आणि कर्ज काढून गाड्या घेतलेल्यांना त्या पडेल त्या भावाने सोडाव्या लागल्या. ज्यांनी त्या चालवण्यासाठी घेतल्या होत्या त्यांच्याकडे निदान गाडी राहिली होती, आणि ती पूर्वीइतकीच धावत होती. पुढे भाव सावरले. प्लिमथच्या १९७१ सालच्या अवघ्या अकरा हेमी 'कुडा कन्व्हर्टिबलपैकी एक २०१४ साली सिॲटल येथे ३५ लाख डॉलरांना गेली.

पैसा आला तेव्हा दस्तऐवज आला, आणि या गाड्यांच्या इतिहासातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. पूर्वी विचारत, धावते कशी. आता विचारू लागले, शाबीत होते का. क्रायस्लरच्या गाडीच्या ओळखक्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन सांगते, म्हणून हेमी गाडीची खातरजमा तेथेच सुरू होते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी उपलब्ध असल्याने प्रत्येक गाडीचा दाखला मिळवता येतो. पॉन्टिॲकच्या कारखान्याचे मूळ कागदही एका खासगी दफ्तरातून मिळतात. पण १९६४ व १९६५ ची जीटीओ ही जादा बाब असल्याने ओळखक्रमांकात तिचा उल्लेखच नाही. तो १९६६ पासून आला. शेव्हरलेटच्या बाबतीत तर बहुतेक गाड्यांचे कारखान्यातील दफ्तरच उरलेले नाही. तेथे जुन्या पावत्या, हमीपत्रे, आणि आसनाच्या स्प्रिंगांत वा पेट्रोलच्या टाकीवर कामगाराने अडकवून ठेवलेला घडणीचा कागद, जो आज उंदरांनी कुरतडलेल्या अवस्थेत हाती लागला तरी मालक चौकटीत बसवून ठेवतो, यांवरच सारा फैसला होतो. इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर एक भाव, न जुळला तर त्याच्या कितीतरी खाली. जेथे कागदाला एवढे मोल, तेथे बनावट कागदही येणारच. साध्या शेवेलला एसएस या शक्तिशाली नमुन्याच्या खुणा लावणे, इंजिनावरचे अंक घासून नवे उठवणे, एका गाडीची पट्टी दुसऱ्या सांगाड्यावर बसवणे, हे सारे प्रकार झाले आणि त्यांचे कज्जे न्यायालयापर्यंत गेले.

चालवण्यासाठी घेणाऱ्याला या दफ्तराचे भय नाही. उलट ज्या गाडीचे कागद हरवले, ज्या गाडीत कधीकाळी दुसरे इंजिन बसले, ती त्याला स्वस्तात मिळते, आणि वुडवर्डवर ती तितक्याच आवेशाने निघते. मला वाटते, ही गोष्ट नवख्या माणसाला सर्वांआधी सांगावी.

जपून ठेवण्यातही खर्च आहे, आणि तो भाव सांगणाऱ्या तक्त्यांत दिसत नाही. वापराविना गाडी सुधारत नाही. उपसा नसलेली विहीर जशी गाळाने भरते तसे तिचे होते. कार्ब्युरेटरात पेट्रोल साकळते, ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून नळ्या आतून गंजवते, रबरी सीले कोरडी पडून तडकतात, टायर एका जागी चपटे होतात. त्यांतून गाडी सुरक्षित ठेवण्यास कोरडी जागा हवी, तिचे भाडे वा बांधकाम हवे, आणि विमा तर हवाच. १९८४ साली मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे लाकडी नौकांचे विमे उतरवण्यासाठी निघालेली हॅगर्टी ही संस्था पुढे अशा गाड्यांकडे वळली. ठरवलेली किंमत पूर्ण भरून देऊ, पण गाडी रोजच्या वापरात नसावी, हा या तऱ्हेच्या विम्यातील नेहमीचा करार आहे. या अटीने गाडी जपली जाते हे खरे. पण नोकरीवर जाताना ती काढण्याचा आनंद त्यात गेला. विक्रीच्या वेळी लिलावाचे शुल्क, मध्यंतरीची दुरुस्ती, भाडे आणि विमा वजा केले की, कागदावरच्या नफ्यातून हाती उरणारी रक्कम पुष्कळांना चकित करते. इंजिनाचा एक जीर्णोद्धार नीट करायचा तर गाडीच्या मूळ किमतीच्या कित्येक पट खर्च येतो, आणि तो खर्च करणाऱ्यांपैकी बहुतेकांना विकताना तो परत मिळत नाही.

तरीही गुंतवणूकदाराला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्या पैशामुळेच भंगारात गेलेली गाडी परत आणणे कारागिरांना परवडू लागले. सुटे भाग नव्याने घडवणारे कारखाने उभे राहिले, इतके की १९६९ च्या कॅमॅरोचा संपूर्ण सांगाडाही आज नवा मिळतो. आणि ज्या नोंदी रद्दीत गेल्या असत्या त्या जपल्या गेल्या. त्याचा दोष दिसतो तो एकाच ठिकाणी: गाडी एक मैल चालली की तिचे मोल उतरते, असे तो मानू लागला, आणि ज्या वस्तूचे सारे मर्म तिच्या गतीत, तिला त्याने स्तब्धतेचे बक्षीस देऊ केले.

मुंबईकराला या कथेतली काही नावे परकी नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडल्या आणि १९५४ साली तो कारखाना बंद केला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याला डॉज व प्लिमथ जोडण्यास आरंभ केला. ज्या प्लिमथने पुढे सुपरबर्ड काढली तिच्याच जुन्या, शांत, पोक्त गाड्या आपल्या शहरांत लोकांनी वर्षानुवर्षे राबवल्या. पण मसल कारचे दशक आले तेव्हा आयातीची दारे बंद झालेली होती, आणि ते दशक येथे घडलेच नाही. म्हणून ती गाडी आपल्याकडे हौसेचा विषय झाली तरी कोणाच्या तारुण्याची आठवण झाली नाही. भाव कोठून येतो हे समजण्यास हा फरक मला उपयोगी वाटतो.

कारण ती आठवण जिच्यापाशी होती ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्या मुलांना नव्वदच्या दशकातील जपानी गाड्या हव्याहव्याशा वाटतात, आणि साठच्या दशकातील गाडी विकायला काढणारे वारस जेवढे वाढतील तेवढे घेणारे वाढतीलच असे नाही. अतिदुर्मिळ गाड्यांना धनिक नेहमी मिळतील. पण मधल्या, हजारोंनी निघालेल्या गाड्यांचा भाव पुढे चढताच राहील असे मानून आज घरची पुंजी त्यात घालणे मला धोक्याचे वाटते. १९९५ पासून दर ऑगस्टात वुडवर्डवर जो गाड्यांचा मेळा भरतो, त्यात धावणाऱ्या बहुतेक गाड्या याच मधल्या वर्गातल्या असतात. नातवंडांना मागे बसवून, डेट्रॉइटच्या उकाड्यात पंखा सुरू ठेवून, त्या तासन्‌तास हळूहळू सरकतात आणि तापतात. पण रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांना दहा लाख डॉलरांची गाडी पाहायची नसते, आपण चालवली होती ती पाहायची असते.

२०२३ च्या डिसेंबरात डॉजने आठ सिलिंडरांची चॅलेंजर आणि शेव्हरलेटने कॅमॅरो बनवणे थांबवले. त्या अखेरच्या हंगामात १,०२५ अश्वशक्तीची 'डीमन १७०' निघाली, आणि कारखान्याच्या कबुलीनुसार तिच्या गाड्या मोजक्याच असणार होत्या. पुष्कळ खरेदीदारांनी ठरल्या किमतीहून कितीतरी अधिक रक्कम विक्रेत्यांना दिली, गाडी ट्रकमधूनच घरी आणली, आणि तापमान नियंत्रित केलेल्या खोलीत लावून ठेवली. १९७८ च्या कॉर्व्हेटची कागदपत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांनी या खरेदीदारांना ती दाखवायला हवीत. एवढी शक्ती कारखान्यातून निघालेल्या मसल कारमध्ये पहिल्यांदाच आली. तिच्या सुकाणूवर हात ठेवून पाव मैल धावून पाहण्याची संधी ज्यांच्या दाराशी उभी आहे, त्यांनी ती या उन्हाळ्यातच घ्यावी.